तुम्ही विचारलंत म्हणून: अंटार्क्टिकाहून घरी यायला किती दिवस लागले

लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला, थंडी किती असते. त्याचं उत्तर सोपंय, आम्ही होतो तिथे हिवाळ्यात उणे तीसच्या आसपास, आणि वारा सुटला की आकड्याला काही अर्थच राहत नाही. दुसरा प्रश्न जरा जवळची माणसं विचारतात, वर्षभर तिकडे काढून आल्यावर घरी रुळायला किती दिवस लागले? याला मी आजवर "लागले थोडे दिवस" म्हणून वेळ मारून नेत आलोय. पण परवा एका मित्राच्या धाकट्या भावाने विचारलं, त्याचं तिकडे जायचं सिलेक्शन व्हायच्या बेतात आहे, लग्नाला दोन वर्षं झालीत, आणि हा प्रश्न त्याचा नव्हताच, त्याच्या बायकोने विचारायला सांगितला होता. तर वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो.

मी डिझेल मेकॅनिक. गाव कराडजवळ, कृष्णेकाठी. मैत्री हा आपला अंटार्क्टिकावरचा तळ, १९८९ पासून चालू आहे, शिर्माकर ओअॅसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात, बर्फाचा किनारा तिथून साधारण शंभर किलोमीटर. निवड गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून होते, मग दिल्लीला मेडिकल, मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, बर्फातलं ट्रेनिंग. ते सगळं तुमच्या नवऱ्याला कळेलच. उन्हाळ्यात तिथे माणसं बरीच असतात, शेवटचं विमान आणि जहाज गेलं की मागे फक्त विंटर टीम उरते, आम्ही वीस-बावीस जण होतो, आणि मग नोव्हेंबरपर्यंत नवीन तोंड दिसत नाही. सहा महिने दिवस सहा महिने रात्र असं सगळे म्हणतात, ते ध्रुवावर. मैत्रीला सूर्य अजिबात उगवत नाही असे साधारण दोन महिने, मे संपता संपता जातो आणि जुलै संपता संपता येतो. तेवढे पुरतात.

परत येताना झालं काय, तर सगळं फार लवकर झालं. मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियन लोकांची नोव्हो धावपट्टी आहे, निळ्या बर्फावरची, तिथून मालवाहू विमानात बसलो की सहा-एक तासात केप टाऊन. म्हणजे तेरा महिने एकीकडे आणि हे सहा तास एकीकडे. विमानाचं दार उघडलं आणि पहिला आला तो वास. ओल्या मातीचा, पाल्याचा, कुठल्यातरी झाडाचा. तिथे वासच नसतो हो, थंडीत कशालाच वास येत नाही, आतमध्ये फक्त डिझेल आणि फोडणी. माझ्याबरोबरचे आमचे डॉक्टर, अतिशय शांत माणूस, ते धावपट्टीच्या कडेच्या गवताकडे बघत नुसते उभे राहिले. मग एअरपोर्टवर एक लहान मूल रडत होतं आणि आम्ही सगळे वळून बघतोय, कारण वर्षभर आम्ही लहान मूल पाहिलं नव्हतं, म्हातारं माणूस पाहिलं नव्हतं, झाड नाही, कुत्रंसुद्धा नाही (अंटार्क्टिकावर १९९४ पासून कुत्री न्यायला बंदीच आहे). आणि त्या रात्री काळोख पडला. नोव्हेंबरपासून आम्ही खरा काळोख बघितला नव्हता. मी हॉटेलच्या खिडकीत उभा राहून चांदण्या बघत होतो, मृग नक्षत्र तिथून उलटं दिसतं, पाय वर डोकं खाली.

गावी पोचलो जानेवारीच्या शेवटी. ऊसतोड जोरात, गुऱ्हाळं पेटलेली, एसटी स्टँडपासूनच काकवीचा वास. माझी मुलगी मी गेलो तेव्हा तीन वर्षांची होती, आता चार पूर्ण. ती लाजली नाही की रडली नाही. आत पळाली, एक चित्र घेऊन आली, आणि माझ्या तोंडासमोर दोन्ही हातांनी सरळ ताठ धरून उभी राहिली, अगदी स्थिर, श्वास रोखून. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर ती असंच धरायची, कारण आमची सॅटेलाईट लिंक स्लो, चित्र हललं की मला दिसायचं नाही, आणि तिला वर्षभर सगळे सांगत होते हलवू नको, पप्पांना दिसत नाही. मी तिला म्हटलं आता हलवलंस तरी चालेल गं. तिचा विश्वास बसायला पंधरा दिवस गेले.

पहिल्या आठवड्यात मी आजारी पडलो, ताप, सर्दी, घसा. हे होणार असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ठरावीक माणसांत वर्ष काढलं की नवीन जंतू भेटतच नाहीत, सर्दी अशी कोणाला होतच नाही, आणि मग घरी आलात की जो येईल तो काहीतरी देऊन जातो. आणि भेटायला तर अख्खी आळी आली होती. तुमच्या नवऱ्याला पहिले आठ-दहा दिवस सत्कार वगैरेपासून लांब ठेवा, मनावर घ्या हे. त्याला शब्द आठवणार नाहीत, तेव्हाही चिडू नका. मी "चाळण" हा शब्द विसरलो होतो, हाताने गोल करून दाखवत होतो. नंतर वाचनात आलं की अंटार्क्टिकावर जर्मन लोकांच्या तळावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास केला होता, मेंदूच्या स्कॅनसकट, २०१९ ला छापून आलं, त्यात आठवणी आणि जागेचं भान सांभाळणाऱ्या भागातला एक हिस्सा सरासरी सात टक्के लहान झालेला दिसला. नऊच माणसं, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष मी काढत नाही, पण वाचून मला बरं वाटलं, म्हणजे मीच एकटा नव्हतो.

आता लाईटचं. माझं काम जनरेटरचं. तिथे साधं डिझेल मेणासारखं घट्ट होईल अशी थंडी, त्यामुळे इंधनापासून सगळंच वेगळं, आणि जनरेटर म्हणजे तळाचा जीव. तो थांबला तर हीटिंग थांबलं, समोरच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येणारं पाणी पाईपमध्येच गोठलं, आणि पाईप फुटला की पुढचं काही विचारूच नका. वर्षभर मी त्या घरघरीत झोपलो, झोपेतसुद्धा आवाज बदलला तर डोळे उघडायचे. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री लाईट गेली. पंखा नव्हताच चालू, फ्रीज बंद झाला एवढंच, तेवढ्यानं मी अंथरुणातून उठून अंधारात बूट शोधत होतो. बायको उठली, म्हणाली, "अहो, लाईट गेलीय फक्त. येईल." आणि कूस बदलून झोपली. मी बसून राहिलो, सकाळपर्यंत. ती शांतता मला सहन होईना, आणि बायकोला त्याच शांततेत गाढ झोप लागत होती.

पण खरं अवघड हे नव्हतं. खरं अवघड होतं ते म्हणजे घर माझ्याशिवाय व्यवस्थित चाललेलं होतं. गॅस कधी संपतो, मोटारीचा फ्यूज कुठला, सोसायटीचं बिल कोणाकडून आणायचं, सगळं तिच्या हातात बसलेलं. मी काही करायला गेलो की "राहू द्या, झालंय" असं ऐकू यायचं. चांगल्या मनानेच म्हणायची ती. पण मी दारातल्या पाहुण्यासारखा उभा. मग कळलं की मुलीचं शाळेचं नाव घातलंय, आणि शाळा मी म्हणत होतो ती नाही. मी चिडलो, आवाज चढवला, मला विचारलं का नाहीस म्हणून. ती म्हणाली, "विचारायला दोन दिवस फोन लावत होते. तुमच्याकडं ब्लिझार्ड होतं, लागला नाही. फॉर्मची शेवटची तारीख होती. मग माझं मी ठरवलं." यावर काय बोलणार? ब्लिझार्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, खरंच होतं, लिंक तीन दिवस नव्हती, मला ते आठवत होतं. तिथे आम्ही त्या तीन दिवसांत पत्ते खेळलो होतो.

आणि मग आईची काठी.

मी आल्यापासून बघत होतो, आई घरात भिंतीला हात लावून चालायची. विचारलं तर म्हणायची, "वय झालं की आता." मार्च महिन्यात ज्वारीच्या कोठीमागे काहीतरी पडलं म्हणून मी हात घातला तर काठी निघाली, चांगली, खाली रबराचं बूच लावलेली, मूठ घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे बरेच महिने वापरलेली. हळूहळू कळलं. आई ऑगस्टमध्ये मोरीत पडली होती, मांडीचं हाड मोडलं, कराडला ऑपरेशन झालं, बारा दिवस हॉस्पिटलात. ह्या बारा दिवसांत माझे दोन फोन झाले होते. दोन्ही वेळेला आई झोपलीय, आई देवळात गेलीय. आणि मी येणार त्याच्या आदल्या दिवशी आईनेच काठी कोठीमागे टाकायला लावली, पोराला आल्या आल्या दिसायला नको म्हणून. दीड महिना ती बाई काठीशिवाय चालत होती. मी तिला म्हटलं, का गं असं केलंस. ती म्हणाली, "तू तिथनं काय करणार हुतास? नुसता झुरला आसतास बर्फात." आणि हे खरंच होतं, ऑगस्टमध्ये तिथून कोणाला बाहेर काढणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तरी मला चार दिवस कोणाशी बोलवेना.

आईवर राग नव्हता तो. मला कळत होतं की मीसुद्धा काहीतरी कोठीमागे टाकून आलोय.

ते सांगायला मला जून उजाडला. पहिला मोठा पाऊस, मी आणि बायको पडवीत, मुलगी झोपलेली. मी सांगितलं की जुलैमध्ये, भर अंधारात, वादळात मी इंधनाच्या टाक्यांकडे गेलो होतो, एक व्हॉल्व्ह बघायचा होता. तिथे बिल्डिंगपासून दोर बांधलेला असतो, तो धरूनच जायचं, कारण हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसत नाही अशी बर्फाची धूळ उडते. नियमाप्रमाणे आम्ही दोघं होतो. वाऱ्याने मी आडवा झालो आणि दोर सुटला. किती वेळ ते मला माहीत नाही, बरोबरचा म्हणतो पाच-सहा मिनिटं. मी ओरडत होतो ते मलाच ऐकू येत नव्हतं. हातमोजा निघून गेला होता, डावा. मी गुडघ्यांवर चाचपत गेलो आणि हाताला एक ड्रम लागला, त्या ड्रमला धरून बसून राहिलो, बरोबरच्याने दोराला स्वतःला बांधून शोधलं मला. डाव्या हाताच्या दोन बोटांना फ्रॉस्टबाईट झालं, म्हणजे थंडीने ती गोठली, डॉक्टरांनी वाचवली, पण अजून गार पाणी लागलं की ती बोटं पांढरी पडतात आणि कळ येते. घरी मी इतके दिवस भांडी घासताना, आंघोळीला, सगळीकडे उजवाच हात पुढे करत होतो.

ती ऐकत होती. मध्ये काही बोलली नाही. मग विचारलं, "चौदा जुलैला का?"

मी म्हटलं तुला तारीख कशी माहीत.

"त्या दिवशी फोनवर तुम्ही मला तीनदा विचारलंत, जेवलीस का. मी तीनदा हो म्हटलं. तेव्हाच मला वाटलं काहीतरी झालंय. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता, आणि मग मला रोज ते खोटं ऐकत बसावं लागलं असतं."

वहिनी, दिवस मोजून सांगायचे तर जानेवारीत मी घरात आलो आणि त्या पावसात घरचा झालो. मधले साडेचार महिने मी खात होतो, पित होतो, कामावर जात होतो, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल रुळला माणूस. तुम्ही दोघांनी मात्र तो जायच्या आधी एकदा बसून ठरवा, काय कळवायचं आणि काय तो आल्यावर सांगायचं. लपवायचंच नाही असं मी म्हणत नाही, लपवावं लागतं, माझ्या आईचं बरोबरच होतं. पण आल्यावर ते बाहेर काढायला उशीर करू नका, आणि त्यालाही करू देऊ नका. आणि तो आल्यावर घरातलं एखादं काम त्याला द्या, अगदी गॅसचा नंबर लावायचं का असेना, तुम्ही ते कितीही छान करत असलात तरी. मला आमच्या हिने मार्चनंतर कधीतरी आईला दर गुरुवारी हॉस्पिटलात फिजिओथेरपीला न्यायचं काम दिलं, काही न बोलता, गाडीची चावी हातात ठेवली नुसती.

त्या रात्री तिने विचारलं, कुठली बोटं. मी दाखवली. तिने दाबून बघितली, एकेक, नखापासून खालपर्यंत, आणि म्हणाली, "ह्या दोघांना आता गरम पाण्यानेच धुवायचं." मग आत गेली, आईला उठवलं नाही, पण काठी कोठीला टेकून होती ती उचलून आईच्या पलंगाला लावून ठेवली, उठल्यावर हाताला लागेल अशी.