तुम्ही विचारलंत म्हणून: दाभण आणि मी

एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नवीन आलेल्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, लीडर म्हणून तुझी जमेची बाजू कोणती आणि कच्ची कोणती?" मुलाखतीत ठोकून देता येईल असं काहीतरी त्यांना हवं असतं. पण तुम्ही विचारलंतच, म्हणून पोत्यांचं सांगते.

दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं आणि पोती ओढ्यात आडवी रचायची. पोतं गळ्यापर्यंत भरलं की गोल होतं, मग मध्ये फटी राहतात.

माणसं कुठे उभी करायची हे मला कळतं. आदल्या रात्री भांडलेल्या दोघींना घमेल्यांच्या साखळीत शेजारी ठेवायचं नाही. घमेलं दिलं जात नाही, आदळलं जातं. जमेची बाजू एवढीच.

शिवणाऱ्यांत एक मुलगी लांब लांब टाके घालत होती. (खरंच लांब होते, आजही म्हणेन.) "दोन बोटांवर एक टाका घे," एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिची पोती गुपचूप उसवून पुन्हा शिवली. तिनं ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दाभण आणि सुतळी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तूच शिव गं. नाहीतरी उसवणारच आहेस." संध्याकाळपर्यंत बाकीच्याही उठल्या. मोबाईलच्या उजेडात मी एकटी शिवत बसले होते. सर आले, शेजारच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "बंधारा तुझ्या एकटीचा आहे का गं?" आणि गेले.

'नॉट मी, बट यू' हे एनएसएसचं ब्रीद. ते टी-शर्टच्या पाठीवर छापलेलं, त्यामुळे सगळ्यांना दिसत होतं, फक्त मला नाही.

त्या मुलीची माफी मागितली, पण शिबिर संपल्यावर, बसमध्ये. तिनं खिडकीतून बाहेर बघतच "ठीके" म्हटलं.

यंदाच्या शिबिरात दोन बोटांचं माप पहिल्याच सकाळी सगळ्यांना दाखवलं आणि दाभण देऊन टाकलं. तरी एका पोत्याचे टाके लांब पडलेच. मी पाणी प्यायला गेले. थोड्या वेळानं पुन्हा गेले.