एप्तच्या काठावर, मोनेची झाडं शोधत

दोन वर्षांपूर्वी ताईकडे न्यूजर्सीला गेले होते तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं एक चित्र बघितलं. चार झाडं, म्हणजे खरं तर चार खोडंच, शेंडे चौकटीबाहेर गेलेले आणि खाली पाण्यात तीच खोडं परत उतरलेली, मधे काठाची आडवी रेघ. ताई पुढची दोन दालनं बघून आली तरी मी तिथेच उभी.

चित्रातलं ते पाणी म्हणजे फ्रान्समधली एप्त नदी, ती बघायची हे तेव्हाच ठरलं. ह्या सप्टेंबरमध्ये दोघींचं पॅरिसला जमलं, सकाळी ट्रेनने तासाभरात व्हेर्नों, तिथून भाड्याच्या सायकलींवर जिव्हर्नी. मोनेचं घर, बाग, कमळांचं तळं सुंदरच आहे, पण गर्दी फार आणि माझं सगळं लक्ष पुढे, लिमे गावाकडे.

एप्त अगदी लहानशी नदी, संथ, हिरवट. १८९१ मध्ये मोने इथे होडीतून यायचा. काठावरची पॉपलरची रांग लिमे गावाच्या मालकीची, चित्रं अर्धवट असतानाच गावाने झाडं लाकडासाठी लिलावात काढली, तर ह्या माणसाने लाकडाच्या व्यापाऱ्यालाच गाठून पैसे दिले की तू घे झाडं, पण माझं काम होईपर्यंत तोडू नको. झाडं नाही, नुसता वेळ विकत घेतला! मला हे वाचलं तेव्हाच भरून आलं होतं. होडीत खाचा करून कितीतरी कॅनव्हास लावलेले असायचे, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. त्यातलं एक चित्र तर म्हणे रोज सातच मिनिटं रंगवता यायचं, एका पानावरून ऊन सरकलं की थांबायचं.

ती झाडं आता अर्थातच नाहीत. पण पलीकडे दुसरे पॉपलर होते, वारा जाणवत नव्हता तरी पानं सळसळत होती, थेट आपल्या पिंपळासारखी. मी काठावर अगदी खाली, पाण्याजवळ जाऊन बसले आणि मेटमधलं चित्र तेव्हा कुठे कळलं, इतक्या खालून बघितलं की शेंडे नजरेत मावतच नाहीत, खोडं तेवढी दिसतात आणि त्यांची पाण्यातली सावली.

साडेपाच झाले होते, सायकली परत द्यायच्या होत्या. ताई म्हणाली, "बस अजून थोडा वेळ, त्या वरच्या फांदीवर ऊन आहे अजून."