बॅटरी ठणठणीत, ट्रेलर अंधारात

रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर, जानेवारीतल्या रात्री आठला, आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरमधले दिवे आधी पिवळे पडले नि मग गेलेच. पाण्याचा पंप दोनदा कण्हला, गप्प झाला. टॉर्चच्या उजेडात सावजी रस्सा खाता खाता आमच्या ह्यांनी निकाल दिला, "बॅटरी गेली."

पुरावाही तसाच होता. गाडीचा सात पिनांचा प्लग ट्रेलरला जोडला की दिवे लख्ख, काढला की गुडूप. परतताना ऑटोमोटिव्ह चौकातल्या इलेक्ट्रिशियननंही नुसतं ऐकूनच सांगून टाकलं, "बॅटरीच बदला नं ताई, कायले डोकं लावता?"

पण कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बावीस वर्षं मुलांच्या हातात मीटर दिलेत मी. मीटर न लावता निकाल? जमत नाही बाप्पा.

रविवारी प्रतापनगरला घराखाली बसले. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.6 व्होल्ट, म्हणजे जवळपास भरलेली. 15 अँपिअरचा निळा फ्यूज शाबूत, दोन्ही बाजूंना तेवढेच व्होल्ट. दिव्याच्या होल्डरवरही 12.5! आणि दिवा लावला की काही नाही. इथे माझा तासभर गेला. उगाच एक स्विचही बदलून झाला.

मग आठवलं, मीटरला प्यायला थेंबभर करंट पुरतो. जोड कुजका असला तरी तेवढा थेंब पार होतो, नि मीटर खुशाल बारा दाखवतो. खरं काम द्यायला हवं. जुना 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या. थेट बॅटरीवर लावला तर डोळे दिपले, आणि तो पेटलेला असताना मीटर 12.3 वर टिकून. बॅटरी निर्दोष सुटली.

आता एक वायर प्लसवर तशीच ठेवली, दुसरी मायनसवरून काढून चॅसीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला टेकवली. बल्बची तार उदबत्तीच्या टोकाएवढी लाल. लगेच मीटर बॅटरीच्या मायनस आणि चॅसीमध्ये धरला: 11 व्होल्ट! दिव्यांचा करंट चॅसीतूनच बॅटरीच्या मायनसला परततो, म्हणून तिथे जवळजवळ शून्य हवं.

प्लगचं कोडंही सुटलं. प्लगमधून गाडीचा प्लस आणि गाडीचाच मायनस ट्रेलरला मिळत होता, दिवे गाडीच्या बॅटरीवर पेटत होते. आमची बॅटरी बाजूला बसून बघत होती. वाटेत ती चार्जही होत नसणार. आदल्या दिवशी घरच्या चार्जरनं भरली होती म्हणून त्या रात्री सुरुवातीला तरी दिवे लागले.

चटई टाकून ट्रेलरखाली शिरले. चाकामागे बॅटरीची काळी वायर चॅसीला बोल्टनं कसलेली. ज्यानं ट्रेलर बांधून दिला, त्यानं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, रंगावरच आवळलेलं! दोन पावसाळ्यांत तिथे हिरवी भुकटी नि गंज. मनसरकडच्या रस्त्याचे धक्के लागले आणि उरलीसुरली पकडही ढिली झाली. रंग पॉलिश पेपरनं खरवडून लोखंड चमकवलं, नवं थिंबल, स्टार वॉशर, वरून व्हॅसलीन. पुन्हा बल्ब, पुन्हा मीटर: 0.05.

पंप पहिल्या झटक्यात घुरघुरला. वर गॅलरीतून हे म्हणाले, "अगं, मी बॅटरीवाल्याला पाचशे ॲडव्हान्स देऊन आलोय."