तुम्ही विचारलंत म्हणून: ‘असई’ लिहिलेला बिल्ला १८०३ चा असतो का?

मी ब्रिटिश लष्कराचे कॅप बॅज, म्हणजे टोपीवरचे बिल्ले, जमवतो हे कळल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकत असतं. जुन्या बाजारात मिळालेला पांढऱ्या धातूचा बिल्ला, मधे बिगुल, त्याखाली पट्टीत इंग्रजीत ‘असई’, खाली हत्ती. आणि प्रश्न ठरलेला, हा शिंदे-भोसल्यांच्या लढाईतला का हो?

नाही हो. असईची लढाई, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातली, २३ सप्टेंबर १८०३ ची. तिथे ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या बाजूने लढताना ७४ व्या हायलँडर्स पलटणीची जबर हानी झाली आणि त्याचा मान म्हणून त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं. पण हा बिल्ला हायलँड लाइट इन्फंट्रीचा, आणि ती रेजिमेंट झाली १८८१ मध्ये, ७१ वी आणि ७४ वी एकत्र करून. पुढे १९५९ ला तीसुद्धा दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली आणि नव्या कॅप बॅजवरून हत्ती गेला. म्हणजे तुमचा बिल्ला या दोन सालांच्या मधला कधीतरीचा, तोही खरा असला तर. बिल्ल्यावर लिहिलेली असते ती पलटणीची फुशारकी, बिल्ल्याची जन्मतारीख नव्हे.

मग लोक म्हणतात मुकुट बघा. बघावाच, व्हिक्टोरियाचा मुकुट १९०१ पर्यंत, मग राजांचा गोल घुमटासारखा मुकुट १९५२ पर्यंत, मग एलिझाबेथचा, ज्याच्या कमानी मधे खाली दबलेल्या दिसतात. नवखे लोक व्हिक्टोरिया आणि एलिझाबेथ यात गडबडतात, कारण दोन्हीकडे मधे थोडी खोलगट जागा असते. आता चार्ल्सने परत गोल मुकुट घेतलाय, म्हणजे यापुढे आणखी गोंधळ! आणि हत्तीवाल्या बिल्ल्यावर तर नेहमीचा मुकुटच नाही, लष्कराच्या नियमात तो ‘स्टार ऑफ इंडिया’ या ब्रिटिश सन्मानाच्या हारातला म्हणून दिलाय, त्यामुळे तिथे मुकुटावर फार भिस्त ठेवू नका.

काही बिल्ल्यांवर मुकुटच नसतो. लेस्टरशायर रेजिमेंटचा वाघ घ्या, वर ‘हिंदुस्तान’ लिहिलंय, ते १८०४ ते १८२३ या काळात भारतात केलेल्या नोकरीबद्दल. इथे काळ कळतो तो खालच्या पट्टीवरून. नुसतं ‘लेस्टरशायर’ असेल तर जुना, ‘रॉयल लेस्टरशायर’ असेल तर १९४६ नंतरचा, कारण ‘रॉयल’ त्या वर्षी मिळालं आणि १९६४ ला रेजिमेंट रॉयल अँग्लियनमध्ये गेली. तोच वाघ दोन धातूंऐवजी पूर्ण पितळेचा दिसला तर लगेच नकली म्हणू नका, १९१६ मध्ये युद्धाच्या काटकसरीत बरेच दोन धातूंचे बिल्ले निव्वळ पितळेचे काढले होते. दुसऱ्या महायुद्धात तर चक्क प्लॅस्टिकचे आले. आणि हलका, सोनेरी, कधीच काळा न पडणारा दिसला तर तो ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, म्हणजे १९५० च्या दशकापासून पुढचा.

खरी मजा मात्र मागच्या बाजूला. ठशावर दाबून काढलेला बिल्ला मागून पुढच्या चित्राचा उलटा खळगा दाखवतो, ओतलेल्या नकलेत मागची बाजू सपाट किंवा खरखरीत, कधी बारीक भोकंही. टोपीत अडकवायला मागे उभी पट्टी असते, तिला स्लायडर म्हणतात, नाहीतर दोन कड्या. कड्या म्हणजे जुना असं सरसकट समजतात, पण स्कॉटिश रेजिमेंटांनी ग्लेनगॅरी टोपीवर कड्या पुढेही कितीतरी वर्षं ठेवल्या, त्यामुळे आपल्या हत्तीला कड्या असल्या तरी काही सिद्ध होत नाही. स्लायडरवर कंपनीचं नाव कोरलेलं असलं की विकणारा खूश होतो, मी होत नाही, कारण जुनेच ठसे वापरून नंतर काढलेल्या प्रतींवरही नाव असतं. अशा प्रती समोरून ओळखणं अवघड. मी पत्रा किती पातळ, सोल्डर केलेला सांधा किती ताजा आणि झीज कुठे आहे ते बघतो. शिपाई रोज घासायचे, म्हणून उंचवटे गुळगुळीत व्हायला हवेत, हत्तीची पाठ आधी आणि खाचा शेवटी. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कुणीतरी मशीनवर बसून मुद्दाम आणलेली असते.

तेव्हा फोटो पाठवाल तर मागचाही पाठवा, तिरप्या उजेडात काढलेला, सोबत मोजपट्टी ठेवून, म्हणजे माप कळतं. आणि प्लीज, आधी ब्रासो लावू नका.