तुम्ही विचारलंत म्हणून: टीआय-८३ चा वेग वाढवावा का?

‘टीआय-८३ उघडून त्याचा वेग वाढवला, तर तो जळेल का हो?’ अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्यापासून जुनी यंत्रं जमवणाऱ्या मित्रांपर्यंत सगळे मला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरबद्दल हेच विचारतात. जळण्याची भीती मला फारशी वाटत नाही. खरी पंचाईत वेगळीच आहे.

१९९६ च्या या कॅल्क्युलेटरमधला झेड-८० प्रोसेसर साधारण ६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ लाख ठोक्यांवर चालतो. त्याचा वेग ठोके देणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर नाही, विद्युतभार साठवणाऱ्या एका इवल्याशा कपॅसिटरवर ठरतो. तो काढून कमी पिकोफॅरडचा, म्हणजे कमी क्षमतेचा लावला, की आलेख झरझर उमटतात. पण बाकीच्या भागांना हे कोणी कळवलेलं नसतं! स्क्रीन चालवणाऱ्या चिपला एक आज्ञा पचवायला दहाएक मायक्रोसेकंद लागतात. प्रोग्राम तेवढा वेळ घड्याळाचे ठोके मोजून काढतो: ६ मेगाहर्ट्झला ६० ठोके. १२ मेगाहर्ट्झवर तेच ६० ठोके पाच मायक्रोसेकंदांत संपतात आणि पडद्यावर रेघोट्यांचा गोंधळ माजतो. लिंक केबलचंही तेच. तिचा हिशेबही ठोक्यांवरच, त्यामुळे दुसऱ्या कॅल्क्युलेटरशी बोलताना मध्येच अडकायचं. आणि गेम? सापाला वळवेपर्यंत तो भिंतीवर आपटलेला असतो.

सेलही लवकर उतरतात, कारण ठोके वाढले की प्रोसेसर वीजही त्याच प्रमाणात जास्त खातो. त्यात सेल थोडे उतरले, की जो वेग काल झेपत होता तो आज झेपत नाही. यंत्र मध्येच गोठतं आणि रीसेट करताना प्रोग्राम पुसले जातात, कारण ते सगळे रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतात. बोर्ड उघडायच्या आधी केबलने त्यांची प्रत काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावतो. ऐकतं कोण!

सोल्डरिंगचं काय सांगू? तो कपॅसिटर तांदळाच्या कणीएवढा. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की ज्यावर तो जोडलेला असतो तो तांब्याचा पॅडच उचकटून येतो. मग नवा वेग राहू द्या, जुनाही गेला.

तरी करायचंच असेल, तर जुना आणि नवा दोन्ही कपॅसिटर स्विचवर घ्या आणि केबल जोडताना जुन्या वेगावर या. स्विच फिरवताना यंत्र बंद असू द्या. परीक्षेला न्यायचं यंत्र मात्र यातून वगळा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने पुढे ८३ प्लस सिल्व्हर एडिशन १५ मेगाहर्ट्झवर नेला, तेव्हा स्क्रीनसाठी थांबण्याची सोय त्यांना हार्डवेअरमध्येच करावी लागली. मला विचाराल तर जुना सिल्व्हर एडिशन शोधा आणि सोल्डरिंग आयर्न गरमच करू नका.