शेगडीचा खरा आकडा

आमच्या वेळी दहावीला विजेचा धडा सगळ्यांचा लाडका, कारण पाठांतर कमी आणि मार्क हमखास. विभवांतर (व्होल्टेज) भागिले धारा (करंट) म्हणजे रोध, विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती. एवढं घोकलं की एसएसएलसीची गणितं सुटायची. आमच्या विज्ञानाच्या सरांना मात्र तेवढ्यावर समाधान नसायचं. "भागाकार काय रे, किराणा दुकानदारालाही येतो. ह्यात बदलतं कोण आणि जागेवर बसतं कोण, ते सांगा!"

एकदा त्यांनी घरची विजेची शेगडी वर्गात आणली. तिच्या पाटीवर २३० व्होल्ट, १००० वॅट. धारा ४.३५ अँपिअर, रोध ५३ ओहम. इथवर मागच्या बाकानेही उत्तर दिलं. मग सर म्हणाले, "उसाला पाणी चालू आहे, गावात व्होल्टेज १८०. आता ही शेगडी किती वॅटची?" वर्गाने त्रैराशिक मांडून ७८३ सांगितले. सरांनी कॉईलकडे बोट दाखवलं. तार तीच, म्हणजे रोध तोच. १८० ला ५३ ने भागा, ३.४ अँपिअर. त्याला पुन्हा १८० ने गुणा, ६१२ वॅट. व्होल्टेज उतरलं की धाराही उतरते, म्हणून शक्तीला दोन्हीकडून मार बसतो. शेगडीचा स्वतःचा म्हणावा असा आकडा ५३, आणि नेमका तोच पाटीवर लिहिलेला नसतो.

प्रयोगशाळेत काट्याचे मीटर होते. काट्यामागे आरशाची पट्टी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा. सेल जुने, त्यामुळे वाचन घेता घेता व्होल्टेज खाली यायचं. सर सांगायचे, ज्याच्या नावाने रोध मोजतात त्या ओहमलाही हा त्रास झाला होता. जर्मनीतल्या कोलोनमध्ये तो शाळामास्तरच होता. बॅटरी स्थिर राहीना, तेव्हा त्याने तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात, आणि त्यातून मिळालेल्या इवल्याशा पण न हलणाऱ्या व्होल्टेजवर मोजमापं केली. त्याचं पुस्तक १८२७ साली निघालं. आमच्यातल्या एकाने वहीत आलेख अगदी पट्टीने आखल्यासारखा सरळ काढला होता. सरांनी तो पाहिला आणि विचारलं, "ओहमला जमलं नाही ते तुला कसं जमलं?"

बल्बची गंमत वेगळी. ६० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ८८० ओहमच्या घरात येतो. विझलेल्या बल्बला मल्टिमीटर लावला तर जेमतेम साठ-सत्तर. आम्ही मीटर बिघडला म्हणून मोकळे झालो. मीटर ठीक होता. आतली टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. बटण दाबल्याक्षणी ती थंड असते, धारा धाडकन आत शिरते; जुना बल्ब बहुतेक वेळा त्याच क्षणी उडायचा.

गोकाकच्या सहलीचंही सांगायला हवं. तिथे १८८७ सालीच सूतगिरणीसाठी धबधब्यावर वीज तयार होऊ लागली. आम्ही झुलत्या पुलावर धिंगाणा घालत होतो आणि सर मात्र हिशेब सांगत होते: कड्याची उंची हे व्होल्टेज, घटप्रभेचं पाणी ही धारा; उन्हाळ्यात कडा तेवढाच उंच, पण पाणी नाही, मग शक्ती कुठून येणार? ऐकत कोणीच नव्हतं. तरी राहिलं डोक्यात.

आज बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मोटारीला शेगडीचा हिशेब लावू नका, ती पुढच्या वर्गातली भानगड, असं सर तेव्हाच म्हणाले होते. पाच हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटारीच्या वायंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांचा, रोध मोजला तर तीन-चार ओहम. ४१५ ला त्याने भागलं तर शंभराच्या वर अँपिअर येतात. चालू मोटार ओढते सात-साडेसात. फिरताना तिच्यातच उलटं व्होल्टेज तयार होतं, ते धारेला थोपवून धरतं. व्होल्टेज उतरलं की शेगडी थंडावते, मोटार मात्र जास्त अँपिअर खेचते, कारण पंपाला पाणी तेवढंच उपसायचं असतं. उष्णता धारेच्या वर्गाने वाढते: धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. त्यात लाईनच्या टोकाला असलेल्या शेताची गत आणखी वाईट. खांबावरून आलेल्या तारेचा रोध दोन ओहम धरला आणि त्यातून पंधरा अँपिअर गेले, तर तीस व्होल्ट आणि साडेचारशे वॅट वाटेतच गेले. मग शेतकरी मोटार टेम्पोत घालून दारात उभा: "सुट्टैत्री!" म्हणजे कन्नडात, जळलीय हो! आत पाहावं तर तारेवरचं वार्निश कोळशासारखं काळं.

नवी पोरं कामाला आली की आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवायला लावतो. मीटर ०.३ दाखवतो, तो पिनांच्या वायरींचाच रोध, वजा करायचा. मग तीन फेजची तीन वाचनं घ्यायची. तिन्ही सारखी यायला हवीत. जिथे कमी येतं तिथल्या कॉईलचे वेढे आतून चिकटलेत असं समजायचं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रयोगशाळेला एक कापून उघडी केलेली मोटार आणि डिजिटल मीटर द्यायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, काट्याचे जुने मीटर भंगारात घालू नका. सेल दमला की डिजिटलवर आकडे नुसतेच बदलतात, काटा कसा सरकत खाली येतो ते मुलांना दिसू द्या. काटे अडकत असतील तर दुकानात पाठवा, मी करून देईन.