दोरावरची नोकरी सांभाळून लेव्हल ४

इंग्लंडमध्ये झाडांच्या कामात काही वर्षं दोरावर काढली की खांदे कुरकुरायला लागतात आणि पाहणी, अहवाल, कौन्सिलमधलं वृक्ष अधिकाऱ्याचं पद असं काहीतरी खुणावू लागतं. त्या बाजूला सरकायचं तर आर्बोरिकल्चरचा, म्हणजे झाडांची निगा राखण्याच्या शास्त्राचा, लेव्हल ४ डिप्लोमा हा नेहमीचा दरवाजा. लेव्हल ३ बारावीच्या तोडीची, ४ पदवीच्या पहिल्या वर्षाची, ६ पदवीच्या शेवटच्या वर्षाची. काम करत शिकणारे यात अडकतात ते झाड कळत नाही म्हणून नव्हे. हाताला जे माहीत आहे ते कारणासकट कागदावर उतरत नाही, तिथे गाडी अडते.

फांदी कापण्याचंच घ्या. कॉलरच्या, म्हणजे फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या, बाहेर काप घ्यायचा, खोडाला सपाट घासून नाही, हे प्रत्येक क्लाइंबर झोपेतही सांगेल. प्रश्नात ‘स्पष्ट करा’ म्हटलं की मात्र शायगोचं कॉडिट लागतं, म्हणजे झाड कूज चार भिंतींत कसं कोंडतं याची मांडणी. पहिली भिंत म्हणजे जलवाहिन्या वर-खाली बुजणं. ही सर्वांत कच्ची, म्हणून कूज उभी लांब पसरते. दुसरी वार्षिक वलयांची, कूज आत जाण्याला अडवणारी. तिसरी लाकडात आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची (यांना किरण म्हणतात), खोडाभोवती पसरण्याला अडवणारी. चौथी जखमेनंतर कॅम्बियम, म्हणजे सालीखालचा वाढणारा थर, नव्याने घालतो ती. कूज रोखण्यात हीच सर्वांत भक्कम, म्हणून आतून पोकळ झालेलं झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं. पण ताणाला हीच कमजोर, आणि पुढे लाकूड याच वलयावर सुटू शकतं. सपाट कापाने खोडाचं लाकूड उघडं पडतं आणि फांदीच्या बुडाशी असलेला नैसर्गिक बचावही जातो. एवढं लिहिलं की उत्तर झालं. ‘जखम भरून येते’ असं लिहू नका. झाड जखम बंदिस्त करतं, भरून काढत नाही.

गणितात सर्वांत जास्त चुका बीएस ५८३७ मध्ये, म्हणजे बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानकात, होतात. २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे मुळांच्या संरक्षित क्षेत्राची त्रिज्या म्हणजे जमिनीपासून १.५ मीटरवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट. ६० सेंटिमीटरचं खोड असेल तर ७.२ मीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे १६३ चौरस मीटर. इथवर सगळे बरोबर. दोन खोडांचं झाड आलं की ४० आणि ३० ची सरळ बेरीज करून ७० धरतात. दोन ते पाच खोडं असतील तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: १६०० अधिक ९००, वर्गमूळ ५०, त्रिज्या ६ मीटर, क्षेत्र ११३ चौरस मीटर. ७० धरलं तर तेच २२२ होतं. बिल्डरचा सल्लागार असा अहवाल पहिल्याच बैठकीत फाडतो. कमाल मर्यादा ७०७ चौरस मीटर, म्हणजे १५ मीटर त्रिज्या. एका बाजूला जुना रस्ता किंवा पाया मुळं अडवत असेल तर वर्तुळाचा आकार बदलता येतो, पण कारण लिहून, आणि क्षेत्रफळ तेवढंच ठेवून.

माती हा विषय महाराष्ट्रातून आलेल्याला सोपा जायला हवा. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी काळी जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला लंडन क्ले ही लंडनखालची चिकणमाती वेगळी समजवावी लागत नाही. ओक, पॉप्लर, विलो पाणी ओढतात, चिकणमाती आकसते, उथळ पाया खचतो. उलटी बाजू विसरली जाते: मोठं झाड तोडलं की माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि घर वर उचललं जातं. प्लास्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकण आहे ते सांगणारा आकडा) ४० च्या वर असेल तर माती जास्त आकसणारी.

वेळापत्रक विद्यापीठाच्या नव्हे, झाडाच्या हिशेबाने लावा. बुरशीचा भाग उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत, कारण मेरिपिलस आणि इनोनोटस हिस्पिडस या बुरशांची फळं (छत्र्या) तेव्हाच ताजी दिसतात, पहिली बीचच्या बुंध्याशी, दुसरी ॲशवर. क्रेट्झ्मारिया ड्यूस्टा ही बुरशी वर्षभर सापडते, पण जळक्या कोळशाच्या पापुद्र्यासारखी असल्याने नजरेतून सुटते. हिच्यामुळे लाकूड ठिसूळ होऊन झाड एकाएकी मोडतं, आणि वर पालवी तोवर हिरवीगार असू शकते. हिवाळ्यात कळ्या शिका: ॲशच्या काळ्या आणि समोरासमोर, बीचच्या लांब टोकदार, हॉर्स चेस्टनटच्या चिकट. डिसेंबरात लवकर अंधारतं, त्या संध्याकाळी कायद्याला द्या. कन्झर्वेशन एरियात (जतन करायच्या जुन्या वस्तीच्या भागात) सहा आठवड्यांची पूर्वसूचना, टीपीओ, म्हणजे झाड राखण्याचा कौन्सिलचा आदेश, असेल तर अर्ज आणि लेखी परवानगी, वटवाघळांसाठी १९८१ चा वन्यजीव कायदा. आपल्याकडच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याची सवय असेल तर परवानगीची कल्पना नवी नाही, पण इथे संरक्षण सरसकट नसून नेमक्या झाडांना किंवा भागाला असतं, हे उत्तरात नीट यायला हवं.

अहवाल लिहिताना पाहिलेलं, त्याचा अर्थ आणि शिफारस हे तीन वेगळे परिच्छेद ठेवा. ‘बुंध्यावर पोकळी, झाड धोकादायक, तोडा’ ही टोळीप्रमुखाला द्यायची सूचना झाली. पोकळी किती उंचीवर, किती रुंद, भोवती चांगलं लाकूड किती, झाड पडलं तर कशावर पडेल, हे आधी. उरलेल्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांखाली गेली की धोका, हा झाडांच्या ताकदीचा अभ्यास करणाऱ्या मॅथेकचा आकडा जरूर द्या, पण त्याच्या जोरावर निकाल लावू नका: माथा छाटलेल्या झाडावर वाऱ्याचा जोर कमी पडतो, आणि पोकळी एका बाजूला उघडी असेल तर तो हिशेब तसाच लागू होत नाही.